जाऊबाईंचा इबोला आणि टेमातला नातू

पत्र (थोडं आटोपशीर करून देते आहे):

माझं वय ६३, ह्यांचं ६७. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, हे एसटीत वाहतूक नियंत्रक. एकुलता एक मुलगा दीड वर्षापासून घानातल्या टेमा या गावी कारखान्यात नोकरीला आहे. सून आणि पाच वर्षांचा नातूही तिकडेच. अजून वर्षभराने त्याचा करार संपेल. तो म्हणतो, तीन महिने येऊन राहा. ह्यांना साखर आणि बीपी, दोन्ही गोळ्यांवर. उजवा गुडघा कुरकुरतो. मी पूर्ण शाकाहारी, एकादशी-चतुर्थी धरते. जाऊबाई म्हणतात, आफ्रिकेत इबोला असतो, लूटमार असते, म्हातारपणी तिकडे मरायला कशाला जाता? तेवढ्याच पैशात युरोपची टूर होते. आता हेही तसंच म्हणायला लागलेत. पैसा एकदाच खर्च करण्याइतका आहे. शिवाय तिकडे बघण्यासारखं तरी काय आहे? जावं की न जावं?

– गोंधळलेली आजी, सातारा

प्रिय आजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न घानाचा आहे. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की जाऊबाईंचं मत आलंय, ह्यांचं आलंय, मुलाचं आलंय; सूनबाईंचं मात्र कुठेच नाही. त्यावर पुढे बोलूच.

आधी मी कोणत्या तोंडाने सल्ला देते आहे ते सांगते. माझा थोरला भाऊ टेमात नऊ वर्षं नोकरीला होता. मी दोनदा तिकडे जाऊन राहिले, त्यातल्या एका खेपेला आईला घेऊन. आई तेव्हा ६८ वर्षांची. आमच्या वेळीही नात्यातल्या मंडळींनी इबोला काढलाच होता. म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

इबोलाची ती मोठी साथ २०१४ ते २०१६ या काळातली, आणि ती मुख्यतः गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत होती. घानात त्या साथीचा एकही रुग्ण निघाला नाही. उलट संयुक्त राष्ट्रांनी साथीशी लढायला जी मोहीम उघडली, तिचं मुख्यालय घानाच्या राजधानीत, आक्रात होतं. आग विझवायला बंब जिथून निघत होते, त्या गावाला आग लागलेलं गाव म्हणण्यासारखं आहे हे. जाऊबाईंना सांगा, हवं तर माझं नाव घेऊन सांगा.

पण अशा भीतीने होतं काय, की माणूस नको त्या गोष्टीला घाबरत बसतो आणि ज्याला घाबरायचं ते राहून जातं. घानात तुमच्यासारख्यांनी घाबरावं अशा गोष्टी आहेत. त्यातली पहिली तर विमानात बसायच्या आधीच, पुण्या-मुंबईत तुमची वाट बघते आहे.

ती म्हणजे पिवळ्या तापाची, यलो फीवरची लस. घानात उतरताना या लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. ते नसेल तर विमान कंपनी इथूनच परत पाठवू शकते. परत येतानाही आपलं सरकार तेच कार्ड मागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतं. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग मात्र जन्मभर चालतं. इथवर सगळं सोपं आहे.

अवघड भाग तुमच्या वयाचा आहे. या लसीत दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. साठीनंतर ती आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. त्रास क्वचितच होतो, पण झाला तर यकृत-मूत्रपिंडापर्यंत किंवा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. साखर-बीपी आहे म्हणून लस बाद होते असं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार, अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा जुना आजार, यातलं काही असेल तर मात्र डॉक्टर हात आखडतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी, व्हिसाचा अर्ज भरायच्याही आधी, दोघांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर बसायचं आणि सरळ विचारायचं, ‘आम्हाला ही लस झेपेल का?’ केंद्रावरच्या रांगेत उभं राहून विचारायची ही गोष्ट नव्हे.

डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर माझंही मत ‘नको’. तसं पत्र देऊन लसीतून सूट मिळू शकते, पण मग पिवळा ताप असलेल्या देशात तुम्ही लशीविना फिरणार, आणि परतताना विमानतळावरचं विलगीकरण टळेलच असं नाही. या वयात एवढी कसरत कशासाठी? मुलाला दोन आठवड्यांची रजा काढून साताऱ्याला यायला सांगा आणि घानाचा विषय मनातून काढून टाका. डॉक्टर एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नको’ म्हणाले तर? ज्याला ‘हो’ म्हणाले त्याने जावं. त्या तुम्ही असाल तर एकट्या जा. वाहतूक नियंत्रकांना महिनाभर स्वतःच्या हाताने चहा करता येईल.

दुसरी भीती मलेरियाची. ‘मलेरिया काय, आपल्याकडेही असतो’ असं म्हणू नका. तिकडचा बहुतेक मलेरिया फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे दोन-चार दिवसांत मेंदू-मूत्रपिंडावर जाऊ शकणारा. तिकडे वाढलेल्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती येते, आपल्यासारख्या पाहुण्यांत ती नसते. म्हणून मुक्कामभर प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात. काही रोज एक, परत आल्यावर आठवडाभर चालू ठेवायच्या. काही परतल्यावर चार आठवडे. ह्यांच्या बाकीच्या गोळ्या बघून कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. मच्छरदाणी, अंगाला लावायचं मलम आणि तिन्हीसांजेला पूर्ण बाह्यांचे कपडे, हे रोजचं. आणि साताऱ्यात परतल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही थंडी-ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, ‘आम्ही घानाहून आलोय.’ आमच्या भावाने एकदा हे वाक्य सांगायला चार दिवस लावले. त्या चार दिवसांची किंमत त्याला दहा दिवस पलंगावर पडून मोजावी लागली.

तिसरी भीती रस्त्याची, आणि ती जाऊबाईंच्या लूटमारीपेक्षा कितीतरी खरी आहे. घानाने ४ ऑगस्ट १९७४ रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. आपण जन्मभर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो. तिकडे गाडी डावीकडून अंगावर येते. माझे यजमान पहिल्याच दिवशी एका टॅक्सीच्या बॉनेटला हात टेकून उभे राहिले, इतक्या जवळून वाचले. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्याला हे समजवायला जड जाईल, पण समजवा. रात्री शहराबाहेरचा प्रवास तर टाळाच; दिवे नसलेली, बंद पडलेली वाहनं रस्त्यात उभी असतात. लूटमारीचं म्हणाल तर बाजारात पर्स ओढणं, गर्दीत मोबाईल जाणं हे आहे, मुंबईच्या लोकलमध्ये घेता तेवढी काळजी घ्या. गळ्यातलं मंगळसूत्र काळ्या मण्यांचं साधं न्या. आणि कोणी ‘गोल्ड कोस्ट’चं (हे घानाचं इंग्रजांच्या काळातलं नाव) स्वस्त सोनं दाखवायला लागलं, तर नमस्कार करून चालू पडा; त्या सोन्यात बुडालेले आपले लोक कमी नाहीत. देशाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेकडे आणि बाव्कू भागात जायचं नाही. तसंही तुमचं तिकडे काही काम नाही.

दवाखान्याचंही सांगते. आक्रात चांगले खासगी दवाखाने आहेत, कोर्ले-बू हे मोठं सरकारी शिक्षण रुग्णालय आहे, तिथे हृदयशस्त्रक्रियेचं केंद्रही आहे. पण खासगीत आधी पैसे भरा, मग झोपा असा खाक्या असतो, आणि तुमचा इथला मेडिक्लेम तिकडे बहुधा चालणार नाही. प्रवासी विमा घ्या आणि त्यात ह्यांची साखर-बीपी लपवू नका. लपवलं तर ऐन वेळी कंपनी तेच कारण पुढे करते. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, वर पंधरा दिवसांच्या जास्त, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

आता येते त्या तोट्याकडे, जो तुमच्या पत्रात नाही आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा आहे. तीन महिने तुम्ही तिकडे करणार काय?

टेमा हे बंदराचं, कारखान्यांचं गाव. स्वातंत्र्याच्या सुमाराला आखून वसवलेलं. पेठा-गल्ल्यांऐवजी कम्युनिटी एक, कम्युनिटी दोन अशा नंबरांच्या वस्त्या. परदेशी कंपन्यांची माणसं बहुतेक उंच भिंतींच्या आवारात राहतात. मुलगा सकाळी सातला जाणार, संध्याकाळी उशिरा येणार. नातू शाळेत. तुम्ही दोघं, सूनबाई, एक टीव्ही आणि फाटकाबाहेर तुमच्या ओळखीचं एकही माणूस नाही. आई पहिल्या आठवड्यात गॅलरीत उभी राहून बंदराकडे जाणारे ट्रक मोजायची. दुसऱ्या आठवड्यात ‘मला पुण्याला सोड’ म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात तिची फाटकावरच्या रखवालदाराशी गट्टी जमली, ती कशी ते सांगते. तिने नाव विचारलं, तो म्हणाला, ‘क्वाकू’. तिकडच्या आकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, बुधवारचा क्वाकू. आई म्हणाली, ‘म्हणजे आमच्याकडचा बुधा!’ आपल्या खेड्यापाड्यांतून सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या ही नावं काय कमी आहेत? आईचाही जन्म बुधवारचा निघाला, म्हणून तिची त्या दिवसापासून ‘अकुआ’ झाली. मग सकाळी फिरायला गेली की कोपऱ्यावरची केळीवाली, शिवणवाली, सगळ्या ‘मामा अकुआ’ म्हणून हाक मारायच्या. तुमचा वार पंचांगात बघून ठेवा.

पण प्रत्येक आईला रखवालदार भेटेलच असं नाही. म्हणून तीन महिने नको. विमानतळावर साधारण ६० दिवसांच्या मुक्कामाचा शिक्का मारतात, पुढे राहायचं तर मुदतवाढीचे हेलपाटे. तेही एक कारण. दुसरं कारण सूनबाई.

मुलगा म्हणतो ‘तीन महिने या’, पण घरी चोवीस तास तुमच्यासोबत तो नसेल, ती असेल. परक्या देशात दीड वर्ष तिने आपल्या पद्धतीने संसार लावलाय. तिकडे वीज जाते-येते. त्याला लोकांनी ‘डुमसोर’ असं नावच ठेवलंय, ‘डुम’ म्हणजे बंद, ‘सोर’ म्हणजे चालू. पाणी, गॅस, शाळा, डास, सगळ्याचं वेळापत्रक तिच्या डोक्यात आहे. तुम्ही आलेल्या तिला हव्या असतील. कदाचित ती तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल, एकटी पडली असेल. किंवा नसेलही. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही.

माझ्या हिशेबाने आषाढी झाली की निघा आणि गौरी-गणपतीच्या आत घरी परत या. मध्ये सहा-सात आठवडे मिळतात. आक्रा-टेमाच्या किनारपट्टीवर मोठा पाऊस मे-जूनमध्ये पडून जातो आणि ऑगस्ट हा वर्षातला सगळ्यात थंड महिना. तिशीच्या आतलं तापमान, वारा, ढगाळ हवा. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो, त्यात खोकल्याने जीव जातो. शिवाय ऑगस्टमध्ये टेमा-आक्राच्या मूळच्या गा लोकांचा होमोवो सण येतो. एकदा मोठा दुष्काळ पडला, पुढे पीक आलं, तेव्हा या लोकांनी भुकेची टर उडवली, अशी त्यामागची गोष्ट आहे. मक्याचा कालवलेला पदार्थ रस्त्यावर शिंपडत, ढोल वाजवत मिरवणूक निघते. बैलपोळा बघून मोठ्या झालेल्या माणसाला त्यात परकं काही वाटत नाही. थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा दुबईला बदलावं लागतं. ह्यांच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर तिकिटातच मागून घ्या, तिथे मानापमान आणू नका.

खाण्याचं तुम्हाला सर्वांत मोठं संकट वाटत असेल, ते सर्वांत लहान आहे. घरात तुम्ही आणि सूनबाई आहातच. तूरडाळ, आटा, मोहरी आक्रा-टेमातल्या भारतीय दुकानांत मिळतं, सिंधी व्यापारी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेर मात्र ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका. त्या शब्दानंतरही रश्श्यात सुकी मासळी सापडू शकते, तिखट काळ्या शितो चटणीत तर हमखास. ‘नो फिश, नो मीट, नो चिकन, नो एग, नो शितो’ असा पाढा म्हणायचा. मग ‘वाचे’ खा: चवळी आणि भात एकत्र शिजवलेला, ज्वारीच्या पानांनी तांबूस झालेला. ‘केलेवेले’ खा: आलं-मिरची लावून तळलेली पिकी केळी. कोंतोमिरेची पानं बाजारात दिसली की घेऊन या. ती आपल्या अळूच्या चुलत घरातली आहेत, दाणे घालून फतफतं झकास होतं. आणि उपासाचा प्रश्न आईने असा सोडवला. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा घानात घरोघरी. तो किसून, आंबवून, भाजून त्याची ‘गारी’ करतात. दुपारी लोक ती पाण्यात भिजवून साखर, दूध आणि भुईमुगाचे दाणे घालून खातात. आईने वाटीभर खाल्ली आणि ‘चालते’ असा निकाल दिला. आंबवलेली असते, हे मी तिला द्वादशीला सांगितलं. तुमचा निकाल तुम्ही द्या.

‘बघण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाचं मला थोडं वाईट वाटलं, पण उत्तर देते.

तुमच्या मुलाच्या गावातूनच शून्य रेखावृत्त जातं, लंडनमधल्या ग्रीनिचमधून येतं तेच. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे ते याच रेषेपासून. तुम्ही शिक्षिका होता. किती वर्षं ती रेषा फळ्यावर काढली असेल! नातवाचा हात धरून तिच्यावर उभ्या राहा. आक्रात क्वामे एन्क्रुमांची समाधी बघा. ६ मार्च १९५७ रोजी सहाराच्या दक्षिणेकडच्या इंग्रजी वसाहतींतली पहिली वसाहत त्यांनी स्वतंत्र केली. ह्यांना ट्रोट्रो दाखवा, म्हणजे तिकडची वडाप मिनीबस. दारात लटकणाऱ्या कंडक्टरला ‘मेट’ म्हणतात आणि तो ‘सर्क, सर्क, सर्क’ असा सर्कल चौकाचा पुकारा करतो. ह्यांचा निम्मा दिवस त्या तळावर जाईल. बसू मात्र देऊ नका, गुडघा आहे.

पण खरं बघायचं ते पश्चिमेला. आक्राहून दीडशे किलोमीटरवर केप कोस्ट, तिथून जरा पुढे एल्मिना. एक रात्र मुक्काम ठेवून जा, एका दिवसात उरकू नका. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. पुढे २८ वर्षांनी, १५१० मध्ये, याच लोकांनी गोवा घेतलं. पांढरा चुना, समुद्र, भिंतीवर तोफा. पहिल्या नजरेला आपलाच एखादा जलदुर्ग वाटतो. आत गेलं की कळतं, हे माणसांचं कोठार होतं. आधी सोन्याचा व्यापार, मग गुलामांचा. पोर्तुगीजांनंतर १६३७ पासून डचांचा ताबा. बायकांना ज्या अंगणात उभं करायचे त्याच्या वर गव्हर्नरची गॅलरी आहे. गॅलरी का होती, ते तिथला वाटाड्या सांगतो. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. खाली अंधारात शेकडो माणसं, वर रविवारची प्रार्थना. आणि शेवटी समुद्राकडे उघडणारं ते दार, जिथून बोटीत चढवलेलं माणूस पुन्हा परतलं नाही.

आई तिथे काही बोलली नाही. रात्री मुक्कामाला आल्यावर मी तिला सहज सांगितलं की घानाच्या चलनाला ‘सेडी’ म्हणतात, आणि तो शब्द आकान भाषेतल्या कवडीसाठीच्या शब्दावरून आलाय. तिकडे पूर्वी कवड्यांतच व्यवहार चाले. त्या कवड्या मुख्यतः मालदीवच्या, आपल्याच समुद्रातल्या. युरोपी व्यापारी त्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेत, आणि त्या मोजून माणसं विकत घेत. आमच्या घरी तुळजापूरचा कुळाचार. देवघरात भवानीची कवड्यांची माळ आहे. आई बराच वेळ तशीच बसून राहिली.

बाकी वेळ आणि ताकद उरली तर काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेला झुलता पूल आहे, जमिनीपासून चाळीस मीटरपर्यंत उंच. तुम्ही जा, ह्यांना खाली शहाळं पीत बसू दे. कुमासी शहर विमानाने तासाभराच्या आत. तिथून जवळच्या बोन्विरे गावात पुरुष विणकर हातमागावर केंटेच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या विणतात, मग त्या शिवून अख्खं वस्त्र करतात. पैठणीचे काठ पारखणारी बाई तिथे दोन तास सहज रमते, आणि पैसेही खर्च करते. आक्रात एका घानाच्याच माणसाने, स्वामी घनानंद सरस्वतींनी, १९७५ मध्ये हिंदू मठ स्थापन केला. ते २०१६ मध्ये गेले, मठ चालू आहे. तिथल्या आरतीला या देशातलीच माणसं उभी असतात. एकादशीला जायला जागा झाली.

माणसांचं एक सांगून ठेवते, जरा स्पष्टच. घानाची माणसं वडीलधाऱ्यांना फार मानतात, पण आधी नमस्कार, मग काम, असा तिकडचा रिवाज आहे. दुकानात शिरून एकदम भाव विचारला तर उद्धट समजतात. डाव्या हाताने देणं-घेणं आपल्यासारखंच वाईट. आणि ‘काळे लोक’, ‘तसले लोक’ असलं आपल्याकडचं बोलणं साताऱ्यातच ठेवून जा. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो. २०१६ मध्ये आक्राच्या विद्यापीठात आपल्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधीजींचा पुतळा बसला. गांधीजींनी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत असताना तिथल्या काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं होतं, ते प्राध्यापकांनी वाचून दाखवलं आणि २०१८ मध्ये पुतळा तिथून हलला. आपण त्यांच्याबद्दल काय बोलतो यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. जाऊबाईंचं वाक्य नातवासमोर तर मुळीच नको. त्याचे सगळे मित्र तिकडचेच असणार.

आता युरोप. ह्यांना मनापासून स्वित्झर्लंड बघायचं असेल, जुनी हौस असेल, तर तो पैसा घानावर लादू नका. ते तिकडे तोंड पाडून बसतील आणि तुमचा जीव अर्धा होईल. पण मला शंका आहे की त्यांना युरोप हवाय असं नाही, त्यांना आफ्रिका टाळायचीय. साधी परीक्षा घ्या. विचारा, ‘बारा दिवसांच्या टूरमध्ये रोज सकाळी सातला बॅग खाली आणायची, दिवसाला सहा-सात किलोमीटर दगडी रस्त्यांवर चालायचं, तुमचा गुडघा काय म्हणतो?’ उत्तर देताना ते गुडघ्याकडे बघतात की खिडकीबाहेर, त्यावरून तुम्हाला कळेल. चाळीस वर्षांचा संसार आहे. शिवाय टूर कंपन्या दोन वर्षांनीही असतील. मुलगा टेमात एकच वर्ष आहे, आणि नातू सध्या पाच वर्षांचा आहे. आजीच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकण्याचं त्याचं वयही फार दिवस टिकणार नाही.

पैशाचं एवढंच, की मुक्काम मुलाकडे म्हणून मोठा खर्च तिकिटं, व्हिसा, विमा आणि केप कोस्टची सहल इतकाच. आक्रातली हॉटेलं स्वस्त नाहीत, बाहेर राहायची वेळ आली तर बजेट कोसळेल. तिकडची महागाई डिसेंबर २०२२ मध्ये ५४ टक्क्यांवर गेली होती. तेव्हा रुपयाने सेडी मोजायचा खेळ आठवड्यालाच बदलायचा. डॉलर न्या, थोडे थोडे बदला.

तर क्रम असा: डॉक्टर, मग सूनबाई, मग तिकीट. खरं तर सूनबाईंना डॉक्टरांच्याही आधी घेतलं तरी चालेल, तो फोन फुकट आहे. आपल्या दुपारच्या तीनला तिकडे सकाळचे साडेनऊ वाजतात. मुलगा कारखान्यात, नातू शाळेत, ती घरी मोकळी. ‘आम्ही येऊ का?’ असं विचारू नका, त्याला ती ‘या ना आई’च म्हणणार. ‘आम्ही किती दिवस आलो तर तुला बरं पडेल?’ असं विचारा, आणि मग तिला बोलू द्या. कांदा-लसूण मसाला किती आणू, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.